विहीणबाईंचा फ्रिज

माझ्या गळ्याची आण, अक्षर न् अक्षर खरं सांगते. ऐन वैशाखात चोपड्याला मंजाबाईच्या पोरीला पाहायला पाहुणे आले. मुलाचा बाप उखर्डूनाना टेकतो न टेकतो तोच म्हणाला, "फ्रिज द्याल तरच सोयरीक!"

मंजाबाई आत गेली. माठातलं पाणी घमेल्यात ओतून तिनं त्यात केळीचा युरिया ढवळला. युरिया विरघळला की पाणी गारठतं. त्यात तिनं प्यायच्या पाण्याचा झाकलेला तांब्या ठेवला. ते पाणी पिऊन नानाचे दात शिवशिवले.

"विहीणबाई, तुमच्याकडे फ्रिज शे?"

"शे ना, मागल्या खोलीत."

"मंग तोच द्या पोरीसंगे!"

लग्नाच्या दिवशी नवरीमागं हळदकुंकू लावून युरियाची भरली गोणी ट्रॅक्टरवर चढली. आता खोटं कशाला बोलू, भरली नव्हती, अर्धीच होती. अर्धी केळीला नको का?