विंझरचा सांगावा

लाईनमन कोंडिबानं आपला फोन गायत्रीच्या टेबलावर पालथा ठेवला.

"आवाज बंद केलाय म्या. दिवसभर कोकलतंय नुसतं. काल पाच गावांची बोंब आली. पाची गावं फिरलो, आन् बिघाड कुठं? विंझरच्या टॉवरवर."

डोंगराकडच्या गावांना इंटरनेट विंझरवरूनच जायचं. विंझर बंद पडलं की पुढची सगळी गावं बंद पडायची आणि प्रत्येकाचा वेगळा अलार्म फोनवर वाजायचा. त्यात ढग उतरले की एखादं गाव मिनिटभर उत्तर द्यायचं नाही. तेवढ्यावरही अलार्म. नसरापूरच्या या ऑफिसातून गाव चालू आहे का हे सारखं विचारत राहणाऱ्या सगळ्या सेन्सरना एकच सेटिंग लावलेलं होतं. हायवेवरच्या शिवऱ्याला जे, तेच डोंगराला.

"डोंगराचं वेगळं करू या, दादा," गायत्री मालकाला, मानसिंगला म्हणाली.

मानसिंगनं नकारार्थी मान हलवली. "सगळ्यांना एकच बरं. फोन वाजला की आपण जागे. तू एकाला गप्प करशील, आन् नेमकं तेच बंद पडंल."

कोंडिबानं भाकरीचं फडकं सोडलं. "मालक, भावकीत कुणी गेलं तर सांगावा घिऊन एकच माणूस जातो. सगळी भावकी रडत दारात आली, तर गेलं कोण हे इचारायचं कुणाला?"

मानसिंग म्हणाला, "आजचा दिवस देतो. एक जरी अलार्म फुकट वाजला, नाहीतर खरा वाजायचा राहिला, तर उद्यापासून परत बिलाच्या खिडकीवर बसायचं."

स्क्रीनसमोरची ही खुर्ची गायत्रीनं मागून मागून मिळवली होती. तिनं "चालेल" म्हटलं.

डोंगराकडच्या गावांवरची सामाईक सेटिंगची खूण तिनं काढली. एक उत्तर चुकलं तर नुसतं पिवळं. लागोपाठ तीन चुकली तरच लाल. मग पुढच्या गावांना तिनं एकेक करून विंझरच्या हाताखाली घातलं. विंझर लाल झालं की त्यांनी गप्प बसायचं. शेवटी कोंडिबाचा फोन सुलटा करून तिनं आवाज चालू केला.

कोंडिबाची पहिली भाकरी संपायच्या आत एक गाव पिवळं झालं.

"वाजंल आता," मानसिंग पुढं झुकला.

गाव परत हिरवं झालं. फोन वाजला नाही.

दुसऱ्या भाकरीला तो वाजला. एकदाच. तिघंही पुढच्या घंटीची वाट बघत राहिले. ती आली नाही. स्क्रीनवर विंझर लाल होतं आणि त्याच्यापुढची गावं राखाडी, शांत.

मानसिंगचा फोन टेबलावर नुसता उजळला होता. त्यानं त्यावर हात ठेवला. गायत्रीनं ते पाहिलं.

"कोण गेलं?" कोंडिबानं विचारलं.

"विंझर."

"एकलंच?"

"एकटंच, काका."

उरलेली भाकरी फडक्यात बांधून कोंडिबानं मोटारसायकलला किक मारली. कुठल्या गावाला आधी जाऊ, हे त्यानं आज विचारलं नाही.

तासाभरात त्याचा फोन आला. "वानरांनी पावरची वायर उपटलीया. लावतोच."

ऑफिसात दोघंच होते. मानसिंगनं आपला फोन हळूच गायत्रीकडं सरकवला.

"याचा आवाज कुठनं चालू करायचा गं?"

तिनं फोन हातात घेतला.

"गणपतीपासनं बंद हाय," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

गायत्रीनं आवाज शेवटपर्यंत वर नेला. फोन अजून तिच्याच हातात होता, तेवढ्यात तो खणखणीत वाजला. विंझर परत हिरवं झाल्याचा निरोप होता.