काळी पाच

स्टेजवर तबलजी हातोडीनं तबला मिळवत होता. आत, आरशासमोर केसांना पिना लावता लावता मोठीचा हात थांबला. तबला चढा लागत होता. तिच्या पट्टीचा नव्हताच तो.

"हे कुणी सांगितलं त्याला?"

"मी," धाकटी म्हणाली. मांडीवर तानपुरा घेऊन ती खुंटी पिळत होती. "काळी पाच. माझी पट्टी."

अकरा वर्षं या दोघी बहिणी जोडीनं गात होत्या, आणि अकराही वर्षं पेटीच्या काळी तीनमध्ये, मोठीच्या पट्टीत. अगदी सुरुवातीला मोठीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती म्हणाली होती, याच्या वर माझा आवाज आता जात नाही गं. मग काय, धाकटी आपली पट्टी सोडून दोन सूर खाली उतरली. तिथं तिचा आवाज उशीखालून आल्यासारखा यायचा. लोक म्हणायचे, मोठी काय गाते! आणि धाकटी? हो, तीही बरी साथ देते. बरी साथ. हे ऐकून घ्यायलासुद्धा गळा लागतो.

"पहिल्या रांगेत संगीत संमेलनाच्या त्या बाई येऊन बसल्यात," धाकटी म्हणाली. "संमेलनाला त्यांना एकच गाणारी हवीय, जोडी नकोय. पहिला अर्धा तास मी एकटी गाते, माझ्या पट्टीत. मग तबला बदलू आणि तुझ्या पट्टीत दोघी गाऊ. अर्धाच तास मागतेय, ताई."

"मागतेयस कुठं? परस्पर ठरवून मोकळी झालीस."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

मोठीनं एक ठेवून दिली. गाणाऱ्या बाईच्या हातात जोर नसतो असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं वीस वर्षं रोज तानपुरा छेडून बघावा. धाकटी कलंडली, खुंटी गालात रुतली. तानपुरा तिनं आधी नीट बाजूला ठेवला, मग कोमट पाण्याचा स्टीलचा थर्मास उचलला आणि मोठीच्या कपाळावर हाणला. भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं.

ते पुसायच्याही भानगडीत मोठी पडली नाही. तिनं धाकटीला भिंतीशी रेटलं आणि दोन्ही हातांनी तिचा गळा आवळला. कुठं दाबायचं हे तिला शिकवावं लागणार नव्हतं. याच गळ्यावर बोट ठेवून तिनं धाकटीला खर्ज शिकवला होता.

"माझ्यामुळं स्टेज बघितलंस तू," ती दातओठ खाऊन म्हणाली. "माझ्यामुळं."

धाकटीनं नखांनी तिचे हात ओरबाडले, पोटात गुडघा घातला. पकड सुटेना. धाकटीचे डोळे पांढरे व्हायला लागले तेव्हा दार उघडलं.

"ताई, चला, हॉल भर..." संयोजकांचं वाक्य तसंच राहिलं.

मोठीनं हात काढले. "पाय घसरला," ती म्हणाली.

दोघींचा एकदमच कसा घसरला, हे संयोजकांनी विचारलं नाही. हॉल भरलेला असला की संयोजक काहीही मान्य करतो. "पाच मिनिटांत या," म्हणून ते गेले.

धाकटीनं हळूच सा लावून पाहिला. नुसती खरखर आली. धाकटीच्या मानेवर आपली बोटं लाल उमटलेली मोठीला दिसली, आणि आपण काय करून बसलो ते तिला तेव्हा कळलं.

"आज नको गाऊस," ती म्हणाली. "मी तार उतरवते. मी सांभाळून घेते."

धाकटीनं ओढणी मानेभोवती गुंडाळली, तानपुरा उचलला आणि ती स्टेजकडे चालायला लागली. कपाळावर रुमाल दाबून मोठी मागोमाग गेली आणि तिच्या शेजारी बसली. दुसरं काय करणार?

पडदा सरकला. टाळ्या संपल्या. धाकटीनं सा लावला. आवाज निघाला तो पत्रा खरवडल्यासारखा. पहिल्या रांगेतल्या बाईंनी मान वर केली. धाकटीनं पुन्हा लावला, तो मधेच फाटला. मागं कुजबुज सुरू झाली. तिसऱ्यांदा तिनं छातीभर श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी तिची बोटं तारांवर फिरत होती.

आणि सा लागला. काळी पाचमधला, भरलेला, कुठं ताण नाही की कंप नाही. सगळा हॉल एकदम गप्प झाला.

गात होती मोठी, काळी तीनच्या वर आवाज जात नाही म्हणणारी. बहीण अडली की तिचा सूर उचलायचा, ही सवय तिच्या हाडात भिनलेली होती. विचार करायच्या आधीच गळ्यातून सा निघून गेला होता. आता तो मागं घेता येत नव्हता.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. तानपुरा थांबला. धाकटी मान वळवून आपल्याकडे बघतेय हे मोठीला न बघताही कळलं. ती डोळे मिटून गात राहिली. उघडायची तिची छाती होत नव्हती.