कोरडा दोर

भोजराजच्या हातून एक वल्हं सुटलं आणि पाण्यावर तरंगत लांब गेलं. उरलेलं वल्हं मारलं की नाव पुढे जायच्या ऐवजी गिरकी घ्यायची. अशी गिरक्या घेत ती सांडव्याकडे सरकू लागली. भादव्यात तलाव तुडुंब भरला होता आणि सांडव्यावरून पाणी पलीकडच्या दगडांवर धो धो कोसळत होतं.

घाटावर धुणं धुणाऱ्या चंद्रकलेनं ते पाहिलं आणि ती हातातलं धुणं टाकून उठली. भोजराज तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. लग्न होऊन दोन लेकरं झाली, पण ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. रीतच तशी. भासऱ्यासमोर पदर ढळू द्यायचा नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला शिवायचं नाही. ताट वाढायचं तेही खाली ठेवून बाजूला व्हायचं.

सानगडीच्या या धानाच्या व्यापाऱ्याला चाळिशीत नावेची हौस सुटली होती, आणि नावेपेक्षा जास्त कौतुक दोराचं. नागपूरहून आणलेला पांढराशुभ्र नायलॉनचा दोर. गावात तोवर कोणी तसला पाहिला नव्हता. फिरायला निघताना भोजराज तो खुंट्यापासूनही सोडायचा, नावेपासूनही सोडायचा, पंच्यानं पुसायचा, जिलबीसारखा गोल गुंडाळायचा आणि घाटावरच्या करंजाच्या फांदीला अडकवायचा. नावेत ठेवला तर तळच्या पाण्यात भिजेल ना! पोहता न येणारा माणूस पाण्यात आणि दोर झाडावर कोरडा. देव अक्कल वाटत होता तेव्हा हा बहुतेक दुकानात बसला असावा.

आसपास चिटपाखरू नव्हतं. चंद्रकलेनं फांदीवरचा दोर ओढला, टोकाला धुण्याची मोगरी बांधली आणि तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, सांडव्यापर्यंत धावत गेली. भोजराज तिच्याकडे पाठ करून पलीकडच्या रिकाम्या काठाला हाका मारत होता. त्यानं वळून पाहायला हवं होतं. पण त्याला हाक मारायची तर काय म्हणून मारायची? तिच्यापाशी त्याच्यासाठी शब्दच नव्हता. “ओ, इकडं पाहा,” ती दोनदा म्हणाली. पाण्याच्या आवाजात ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

“भोजराज! ए भोजराज!”

त्याला अशी हाक मारणारी गावात एकच बाई, त्याची आई. तो गर्रकन वळला.

मोगरी पहिल्यांदा पाण्यात पडली. दुसऱ्यांदा नावेत.

“दोर हातात धरू नोका,” ती ओरडली. “नावेले बांधा.”

त्यानं बांधला. तिनं आपलं टोक सांडव्याजवळच्या दगडी खांबाला वेढलं, ओढाळ बैलाचं दावं खुंट्याला वेढतात तसं, आणि पाय रोवून मागे रेलली. दोर ताठ झाला. नाव सांडव्याच्या तोंडाशी हिसका खाऊन थांबली, आणि मग प्रवाहानंच तिला हळूहळू काठाकडे फिरवलं.

भोजराजला कुठला धीर. काठ जवळ दिसताच त्यानं उडी टाकली, शेवाळावर पाय घसरला आणि तो गळ्यापर्यंत पाण्यात गेला. चंद्रकला कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि तिनं हात पुढे केला. त्यानं एकदा त्या हाताकडे पाहिलं. बुडता माणूस रीत कुठवर पाळणार? त्यानं तो घट्ट धरला.

दोघं पाळीवर येऊन धापा टाकत बसले.

“मेलो होतो मी आज,” भोजराज म्हणाला.

“दोर नावेतच ठेवत जा,” ती म्हणाली.

“हो.”

चंद्रकलेला हसूही येत होतं आणि रडूही. इतकं हलकं तिला माहेरी जातानासुद्धा कधी वाटलं नव्हतं.

“माया पोराले नाव घेऊन कोन बलावून राहिलं वं?” म्हणत सासू शकुनबाई पाळ चढून आली, आणि जागीच थांबली. सांडव्याच्या तोंडाजवळ नाव दोराला लटकलेली. सुनेचा पदर खांद्यावर. भासऱ्याच्या मुठीत तिचा हात अजून तसाच. भोजराजनं तो चटका बसल्यासारखा सोडला.

“नाव घेतलं. शिवली बी,” म्हातारी म्हणाली. “असं शिवलं तं दोघायले बी न्हावं लागते, मालूम हाये ना?”

दोघांनी माना खाली घातल्या. म्हातारीनं एकदा कोसळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं, मग लेकाकडे, मग सुनेकडे. दोघांच्याही अंगावरून पाणी निथळत होतं.

“न्हानं तं झालं,” ती म्हणाली आणि तिथंच मटकन खाली बसली. “आता मले धरा दोघंजन. एक इकून, एक तिकून. माये पाय नाई चालून राहिले.”