नखाची चंद्रकोर

ब्रश पिवळ्या परागांपर्यंत पोचला आणि फूल गेलं.

यशोदाबाईंनी ते नखानं खुडलं, परडीत टाकलं. हर्षालीच्या समोर जास्वंदीचा नुसता देठ उरला. कागदावरचं अर्धं फूल अजून ओलं होतं.

"पाच मिनिटं थांबला असतात तर, आई."

"देव थांबत नाय," सासूबाई म्हणाल्या. "झाड म्या लावलं. शेणखत म्या घातलं. फूल देवाचं. तुला देठ हाय की."

सिडकोतल्या त्या घरापुढची वीतभर बाग सासूची, आणि त्या बागेवर जीव सुनेचा. रोज पहाटे हेच. हर्षाली रंग कालवेपर्यंत परडी भरलेली. मोगरा, तगर, कण्हेर, काही म्हणून झाडावर राहत नसे. दिंडोरीकडच्या यशोदाबाई खुडताना ओवी म्हणत, सुनेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात:

जास्वंदीबाई गं, उमल उजेडाआधी
सून माझी रंगारीण, तुला करील गं कागदी

त्या दिवशी मात्र हर्षाली भांडली नाही. तिनं अर्धं फूल फाडलं, नवा कागद घेतला आणि उरलं होतं तेच काढलं. तुटलेलं टोक. त्यावरचा चिकट थेंब. त्याखाली उमटलेली नखाची चंद्रकोर. दुसऱ्या दिवशी तगरीचा देठ. मग कण्हेरीचा, चीक ओघळत असतानाचा. रागात रेघ नेमकी पडत होती.

दिवाळी सरली आणि कॉलेज रोडवरच्या एका हॉलमध्ये ते देठ भिंतीवर लागले. यशोदाबाई इस्त्रीची साडी नेसून गेल्या. आपली बाग बघायला.

"सुंदर आहेत हो," एक पाहुण्या बाई म्हणाल्या. "पण फुलं कुठं गेली?"

"आमच्या देव्हाऱ्यात," हर्षाली सासूकडे न बघता म्हणाली.

लोक हसले. यशोदाबाईंनी एकेका चित्रातली चंद्रकोर पाहिली आणि अंगठा पदराखाली घेतला.

रिक्षात त्या एवढंच बोलल्या, "चारचौघांत माझं नख टांगलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षाली बाहेर आली तर जास्वंद झाडावर होती. पूर्ण उमललेली, लालबुंद. यशोदाबाई पायरीवर बसलेल्या, परडी रिकामी.

"देव आज बिनफुलाचा बसलाय," त्या म्हणाल्या. "काढ. बघू तरी."

हर्षाली बसली. पाकळी न पाकळी समोर होती. हिसकावणारं कुणी नव्हतं. ऊन डोक्यावर आलं, कललं. फूल मिटायला लागलं तेव्हा चित्र पुरं झालं होतं.

यशोदाबाई कागदावर वाकल्या.

"असलं औषधाच्या दुकानातल्या कॅलेंडरावर बी असतं."

हर्षालीलाही तेच दिसत होतं.

पुढच्या पहाटे यशोदाबाई परडी घेऊन आल्या. दुसऱ्या हातात शिवणाच्या डब्यातली कात्री होती.

"फूल तुला झेपलं नाय. देवाचं देवाला. पण माझं नख आता तुला दिसायचं नाय."

हर्षालीनं त्यांच्या हातातून कात्री काढून घेतली, ब्रशांच्या पेल्यात उभी केली आणि कोरा कागद मांडीवर ओढला.

"नखानंच खुडा," ती म्हणाली.