तुटलेला नून

"उतरव ते चित्र," अब्बा फोनवर म्हणाले. "आज परत दोघं घरी येऊन गेले. पोरीला गपगुमान परदेशी धाडा म्हणत होते."

मुस्काननं फोन ठेवला, पण चित्र उतरवलं नाही.

बर्लिनमध्ये तिची चित्रं लोकांनी उचलून धरली होती. रंगांचे मोठाले पट्टे आणि त्यांतून फुटून वर आलेलं एखादं अरबी अक्षर. ती अक्षरं लहानपणी मंगळवार पेठेतल्या घरात अब्बांनीच बोरूनं गिरवून घेतलेली. पण कोल्हापुरातल्या या पहिल्याच प्रदर्शनाकडे ते फिरकलेही नव्हते.

तो माणूस मात्र रोज यायचा. धिप्पाड, मिशाळ. त्याच चित्रासमोर, लाल-निळ्या पट्ट्यांतल्या 'नून' या अक्षरासमोर मुकाट उभा राहायचा. आज तो वळला.

"ह्ये काय लिवलंय?"

"एकच अक्षर आहे. नून." ती म्हणाली.

"देवाधर्माचं न्हाय न्हवं?"

"नाही हो."

"मग मधनंच तोडलंय कशापायी?"

"गाव सोडून गेलं की माणूस असाच तुटतो. म्हणून."

तो चित्राच्या आणखी जवळ गेला. मग म्हणाला, "उद्या पोरास्नी घिऊन येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती दाराकडे डोळे लावून बसली होती. दुपारी हॉलचं दार लोटून ती समोरच्या टपरीवर चहाला बसली. कप तोंडाला लावते तोच आतून आरडाओरडा ऐकू आला.

ती धावली. दार सताड उघडं होतं. दाराशी शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली एकमेकींना बिलगून रडत होत्या. आत 'नून' दिसतच नव्हता. त्यावर पांढरा रंग फासला होता, आणि त्याचे ओघळ फरशीवर येत होते.

"बाई, हिकडं या!" कोपऱ्यातून तोच मिशाळ माणूस गरजला. "मी कृष्णात. लेकींना तुमचं चित्तर दावाय आणलं, तर ह्यो रंग फासत हुता! सोडत न्हाय आता. पोलिसास्नी बोलवा!"

त्याच्या पंज्यात सापडलेल्या म्हाताऱ्यानं मान वर केली. हातातला कुंचला अजून ठिबकत होता.

"आता तरी परत जा, बेटा," अब्बा म्हणाले.