पहिल्या ट्रॉलीचा नारळ

ऊसतोडीला निघालेल्या टोळीच्या पहिल्या ट्रॉलीला नारळ फोडायला सुनील मुकादमाने यंदा थेट उत्तमरावांनाच पाथर्डीला आणलं होतं.

दोन वर्षांमागे याच उत्तमरावांना शाळेच्या गॅदरिंगलाही कुणी विचारत नव्हतं. जुन्या पिक्चरमधला हिरो एवढीच ओळख, तीही पन्नाशीपुढच्या बायांना. मग एका पिक्चरमध्ये त्यांना निर्दयी मुकादमाचं काम मिळालं. काळा गॉगल, गळ्यात मफलर, आणि आजारी मजूर बाईला सुनावलेलं एक वाक्य. बास. पोरं मफलर गुंडाळून रील करू लागली. आज खऱ्या मुकादमाच्या, म्हणजे सुनीलच्या डोळ्यांवरही तसलाच गॉगल होता.

नारळ फुटला. खोबरं वाटणं चालू असताना भांड्यांच्या पोत्याला टेकून बसलेली चांगुणा उठली. एक हात पोटावर.

"सायेब, तुमी सांगितलं तर मुकादम ऐकंल. पिशवीचं आपरेशन हून बारा दिस झालेत. टाके वले हायेत. आठ दिस घरी ऱ्हाते, मग येष्टीनं येते मागून."

"नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो आमी," सुनील हसत म्हणाला. "अर्धा कोयता कोन नेतंय? पर सायबांचा शब्द मोडनार न्हाई. ते म्हनले ऱ्हा, तर ऱ्हा."

उत्तमरावांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. 'राहू दे रे तिला' एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलंही.

"सायेब, डायलॉग हुंद्या," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. तीस-चाळीस मोबाईल वर गेले.

उत्तमरावांनी गॉगल नाकावर नीट बसवला. आवाज आपोआप खाली उतरला.

"कोयता उचल. मरायला अख्खा उन्हाळा पडलाय."

शिट्ट्या पडल्या. "ठरलं मग," सुनीलने हात जोडले. चांगुणाने नवऱ्याकडे पाहिलं. तो साहेबांचा व्हिडिओ काढत होता. तिने कोयता उचलला आणि ट्रॉलीच्या चाकावर पाय देत, मधे दोनदा थांबून, वर चढली.

"थांबा, थांबा." सुनील आपला मोबाईल बघत होता. "माझ्यात आलंच न्हाई. सायेब, एकडाव परत. चांगुणे, उतर गं खाली."

उत्तमराव नको म्हणाले नाहीत. मफलर तेवढा सारखा केला. दुसऱ्या खेपेला वाक्य जास्त चांगलं बसलं, हे त्यांचं त्यांनाही कळलं.

चांगुणा चाकापाशी उभी होती. एका हातात कोयता, दुसरा पोटावर दाबलेला.

"अजून कुनाचं काढायचं ऱ्हायलं आसंल तर आत्ताच सांगा," ती म्हणाली. "आता वर गेले की मला उतरता यायचं न्हाई."