अकरावं कार्ड

मागच्या बाकावरून पिवळं कार्ड वर गेलं. महिन्यातली नववी वेळ.

वर्गबाईंनी हातातलं सगळं टेबलावर ठेवलं. नियमच तसा होता. चक्रीवादळाचं डोकं तापलं की तिनं कार्ड दाखवायचं. बाईंनी हातातलं टाकून तिला व्हरांड्यात न्यायचं आणि पाच मिनिटं सोबत उभं राहायचं. नियम समुपदेशक ताईंचा. 'महिन्यात दहाच वेळा, अकराव्याला दुसरी शाळा,' ही शेपटी मुख्याध्यापकांची.

चक्रीवादळ म्हणजे नऊ वर्षांची काडीपैलवान पोर. पहिल्या सत्रात तिनं एक खिडकी, दोन खुर्च्या आणि एका मुलाचा दात गारद केला होता. "दात हलतच होता," एवढाच तिचा बचाव.

"आत्ता काय बिघडलं गं तुझं?" व्हरांड्यात बाईंनी विचारलं. "मी तर ब्रेककडून धडा वाचून घेत होते."

ब्रेक पहिल्या बाकावरचा. वाचताना अक्षराअक्षराला थांबायचा, म्हणून ते नाव.

"डोकं तापलं."

"आणि परवा? त्याचे पाढे चालले होते तेव्हा?"

"पाढ्यांनीच तापलं."

बाईंनी नोंदवहीत लिहिलं : विनाकारण.

दहावं कार्ड गेलं तेव्हा आत्यानं शिलाई मशीन थांबवलं. पोरीला तिनंच वाढवलं होतं. "अगं, ती दुसरी शाळा दोन बस बदलून. सोडायला कोण येणार, हे मशीन? आठवडाभर त्या कार्डाला टाळं लाव, बाई माझे."

"लावते. मला इथंच राहायचंय, आत्या."

आणि खरंच लावलं. चार दिवस वादळ बाकाखाली हात दाबून बसलं. ताईंनी तर कौतुकानं पेढे आणायचेच बाकी ठेवले.

महिन्याचा शेवटचा दिवस, शेवटचा तास. ब्रेक वाचायला उभा राहिला. "प... प..."

"पुढे!" बाई खुर्चीतून उठल्या.

"प..."

कार्ड वर गेलं.

"अगं करंटे," बाई म्हणाल्या, "घंटेला दहा मिनिटं होती!"

"पालथ्या घड्यावर पाणी," मुख्याध्यापक म्हणाले आणि दाखल्यावर सही केली. ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. आत्यानं दाखला चार घड्या करून पिशवीत टाकला. पोर मात्र "दप्तर राहिलं" म्हणून वर्गात पळाली आणि बराच वेळ आलीच नाही.

सोमवारी मागचा बाक रिकामा होता. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि धडा काढला.

ब्रेक उभा राहिला. "प... प... प..."

बाईंनी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली.

ब्रेकनं सवयीनं एक हात पुढे केला. दुसरा हळूहळू वर गेला. त्यात पिवळं कार्ड होतं.

"हे तुझ्याकडे कसं?"

"ति... तिनं दिलं. म्हणाली, बाईंनी प... पट्टी उचलली की वर धर. त्यांना ती खाली ठेवावीच लागते."